मोठ्या मामांचा पेन आणि पाचशे पत्रिका

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत गेल्या चाळीस वर्षांत जेवढी लग्नं रुसव्याफुगव्यांशिवाय पार पडली, तेवढी सगळी आमच्या मोठ्या मामांच्या पेनमुळे पार पडली, असं माझं स्पष्ट मत आहे. मुहूर्त काढणारे, मंडपवाले, आचारी, बँडवाले हे सगळे आपापल्या जागी ठीकच. पण पत्रिका हातात पडल्यावर माणूस आधी पाकिटावरचं आपलं नाव वाचतो आणि लग्नाला जायचं की नाही, गेल्यावर जेवायचं की नाही आणि जेवून आल्यावर नावं ठेवायची की नाही, हे तिथल्या तिथे ठरवून टाकतो. मामांनी पाकिटावर नाव घातलंय आणि तरी माणूस लग्नाला आला नाही, असं माझ्या माहितीत एकदाच झालं, आणि तो बिचारा पत्रिका पोचायच्या आदल्या दिवशी वारला होता.

मोठे मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. अमरावतीच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. नकाशात नद्या काढून काढून त्यांच्या हाताला बारीक रेघेची सवय लागली ती लागलीच. जाड रेघ दिसली की त्यांना मळमळतं. बोलतात मात्र असं की पुण्याचा माणूस समोर असेल तर त्याला वाटावं, आपलं काहीतरी चुकलंय. मला अक्षर त्यांनीच शिकवलं, सुट्टीत आजोळी गेलो की पाटीवर गिरवून घ्यायचे, आणि गिरवून झालं की म्हणायचे, "लेका, हे अक्षर हाये का मुंग्याइची वरात?" तेच मामा पाकिटावर मात्र असं लिहायचे की वाचणाऱ्याने आपोआप सदऱ्याची वरची गुंडी लावावी. तोंडात वऱ्हाडी आणि पेनात पैठणी, असे हे आमचे मामा.

आणि तो पेन! त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण कंपनीने तो बंद केला आहे आणि मामांनी त्या कंपनीला अजून माफ केलेलं नाही. साधाच बॉलपेन. पांढरी दांडी, निळं टोपण आणि केसासारखी बारीक रेघ. चाळीस वर्षं मामांनी दुसऱ्या पेनाला हात लावला नाही. कुणी मागितलाच तर मामा खिशातून टोपण काढून द्यायचे. "पेन?" असं विचारलं तर म्हणायचे, "आधी टोपण सांभायून दाखव." शाळेतल्या एका नव्या मास्तरने एकदा आठ दिवस ते टोपण प्रामाणिकपणे सांभाळलं होतं, तरी त्याला पेन मिळाला नाही तो नाहीच.

पेन पारखायची त्यांची पद्धतही जगावेगळी. दुकानात पेन हातात घेतला की तुम्हीआम्ही आपली सही करून बघतो. मामा लिहितात, "अंजनगाव सुर्जी". राजकमल चौकातल्या त्यांच्या नेहमीच्या दुकानदाराने त्यांच्यासाठी वेगळी वही ठेवली आहे आणि ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत अंजनगाव सुर्जीने भरली आहे. त्याने न राहवून एकदा विचारलं, "सर, तुमी मूळचे अंजनगावचे का?" मामा म्हणाले, "मी कायचा तिथला? पण अनुस्वार, उकार, रफार, वेलांटी, सारं एका गावात भेटते. अमरावती लिवून तर कोणताबी पेन पास होते."

आता पत्रिकेचं सांगतो. पाचशे पत्रिकांची पाकिटं मामा एकटे लिहायचे, आणि त्यांच्या डोक्यात पाचशे घरांचा नकाशा असायचा. कोणाला नुसतं श्री, कोणाला श्रीमान, कोणाच्या नावापुढे पाटील लावलं की तो खुलतो आणि कोणाच्या लावलं की त्याच्या चुलतभावाला राग येतो, हे त्यांना पाठ. वरूडला आमच्या नात्यातले दोन भाऊ आहेत. संत्र्याच्या बागेच्या बांधावरून त्यांचं बोलणं बंद आहे. दोघांना मिळून एक पत्रिका दिली तर दोघंही येत नाहीत, आणि दोन दिल्या तर पहिली कोणाला दिली यावरून येत नाहीत. मामांनी काय केलं, दोघांच्या दोन पत्रिका केल्या आणि त्या दोन्ही एका तिसऱ्या, त्यांच्या आईच्या नावाने लिहिलेल्या पाकिटात घातल्या. म्हातारी दोन्ही मुलांना दोन हातांना धरून मांडवात घेऊन आली. यात पेनाचं काय श्रेय, असं कोणी विचारेल. मामांना विचारून बघा.

पण मामांच्या लिखाणातला खरा जोखमीचा शब्द म्हणजे चूलबंद. पाकिटाच्या कोपऱ्यात हा शब्द लिहिला की अर्थ असा, की त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटवायची नाही, म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. हा मान पाचशेत पन्नास-साठ घरांना. बाकीच्यांकडून एकदोन माणसं येतात आणि गोडीने जेवून जातात. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या बहिणीच्या लग्नात ऐन वेळी मामांना टायफॉइड झाला आणि नावं घालायचं काम माझ्याकडे आलं. मी नुकताच बी. ए. झालो होतो, म्हणजे मला सगळं येत होतं. तो कोपऱ्यातला शब्द मला नक्षीसारखा सुंदर वाटला. मी तो पाचशेच्या पाचशे पाकिटांवर घातला, वर खाली एक वेलबुट्टीची रेघही काढली. लग्नाच्या दिवशी दर्यापूरच्या बाजूने ट्रॅक्टर भरून माणसं आली, वरूडहून दोन ट्रक आले, काही घरं तर पाहुण्यांच्या पाहुण्यांनाही घेऊन आली. आधी बुंदी संपली, मग वांग्याची भाजी संपली, मग भाजीचा रस्सा संपला, आणि शेवटी आचारी कुठे दिसेना. मामा अंगावर शाल घेऊन तापातून उठून आले. त्यांनी एका पाहुण्याच्या हातातलं पाकीट बघितलं आणि एवढंच विचारलं, "कोनं लिवलं?" त्यानंतर पंचवीस वर्षं आमच्या घराण्यातल्या प्रत्येक लग्नात मला पाकिटांना डिंक लावायचं काम मिळालं. कोपऱ्याला हळदीकुंकू लावायचीसुद्धा परवानगी नव्हती.

तीनेक वर्षांपूर्वी दुकानदाराने मामांना सांगितलं की कंपनीने तो पेन बंद केला, आणि त्याची रिफिलही. मामांनी तिथल्या तिथे शिल्लक होते तेवढे सगळे पेन उचलले आणि घरी येऊन मामीला म्हणाले, "आता काटकसर." कुरिअरवाल्याची सही दुसऱ्या पेनाने व्हायला लागली. किराण्याची यादी तोंडी. तरी गेल्या श्रावणात शेवटचा पेन संपलाच, तो मोर्शीचा पत्ता लिहिताना, "मो" या पहिल्याच अक्षरावर. मामांनी तो रिकामा पेन देवघरात ठेवला. मामी म्हणाली, "संपलेल्या वस्तूची देवाजवळ काय गरज हाये?" आणि तिने तो उचलून चमच्यांच्या डब्यात टाकला. दोन दिवस घरात अबोला होता.

आणि अशातच ऋजूचं लग्न ठरलं. ऋजू म्हणजे मामांची नात, मुलाची एकुलती एक मुलगी, पुण्याला नोकरीला असते. मामांनी तिच्या जन्माच्या वेळीच सांगून ठेवलं होतं की या पोरीच्या पत्रिका मी अशा लिहीन की लोक फ्रेम करतील. पत्रिका छापून आल्या, दिवाणखान्यात पाचशे कोऱ्या पाकिटांचे गठ्ठे लागले, आणि मामा पेनाच्या शोधाला निघाले. अमरावतीतलं एकही दुकान त्यांनी सोडलं नाही. जेल पेन बघितला, म्हणाले, "हा पेन नाई, नळ हाये." एका पेनाला बोटांसाठी मऊ रबर होतं. "याले गादी काहून? लिवायचं हाये का झोपायचं हाये?" ऋजूने पुण्याहून एक भारीतला पेन आणला, त्याचं त्यांनी हातात धरून वजन केलं आणि तो मामीला दिला, नारळ फोडायला. एक पेन जवळजवळ पास झाला होता, पण दुपारी म्हणाले, "रफार देतांना दम टाकते." आणि सगळ्या पेनांविषयी एक तक्रार कायम होती: "आजकालचे पेन थरथरतेत. कंपन्या बेइमान झाल्या." आम्ही हसायचो. मीही फोनवर खूप हसलो, ते आता आठवतं.

ऋजू शहाणी मुलगी. तिने सुचवलं, आबा, कॉम्प्युटरवर नावांची स्टिकर काढू, एका दुपारचं काम आहे. मामांनी तिला जवळ बसवलं आणि शांतपणे सांगितलं, "पोरी, स्टिकर संत्र्याले लावतेत. सोयऱ्याले नाई." मग मला अकोल्याला फोन आला. मी अकोल्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, आणि अकोल्यात काही चांगलं मिळू शकतं यावर मामांचा कधीच विश्वास नव्हता. यावरून आमचं दर भेटीत एक भांडण ठरलेलं, मी माझ्या गावाची बाजू सोडत नाही. त्यामुळे "तुया गावात पाहून घे एकदा" हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं तेव्हा मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

मी चार दिवस अकोला पालथं घातलं. शेवटी जुन्या बाजारात एक अंधारं दुकान सापडलं, जिथे अजून कार्बन पेपर आणि टाक मिळतात. दुकानदार म्हातारा होता. मी पेनाचं वर्णन केलं तसा तो म्हणाला, "भाऊ, तो तर कवाचाच बंद झाला. आता कोण विचारते त्याले!" आणि असं म्हणता म्हणताच स्टुलावर चढून त्याने वरच्या फळीवरून एक धुळकट खोकं काढलं. बारा पेन, पांढरी दांडी, निळं टोपण, कंपनीचा कागदसुद्धा फाडलेला नाही. मी तिथेच एका चिठोऱ्यावर अंजनगाव सुर्जी लिहून बघितलं. तीच केसासारखी रेघ. दुकानदार म्हणाला, "तुमी अंजनगावचे का?" मला इतका आनंद झाला होता की मी हो म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी अमरावतीला. मूर्तिजापूर येईपर्यंत तीनदा पिशवीत हात घालून खोकं चाचपलं. मामांनी ते उघडलं आणि लहान पोरासारखे हसले. "अकोल्यात भेटला?" एवढंच म्हणाले, पण पंचवीस वर्षांत माझ्या गावाला मिळालेलं ते पहिलं प्रमाणपत्र होतं. मग त्यांनी हातपाय धुतले, स्वच्छ धोतर नेसलं, चष्मा पुसला, मांडीवर पाट घेतला. पहिली पत्रिका गणपतीची. सगळं घर भोवती उभं. मामांनी "श्री" काढला.

श्रीच्या वेलांटीला दोन वळणं जास्तीची पडली. मामा थांबले. दुसरं पाकीट घेतलं, पुन्हा श्री. यावेळी रेघ नकाशातल्या पूर्णा नदीसारखी गेली. तिसरं घेतलं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, खोक्यात ठेवला आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "डुप्लिकेट हाये."

मी मूर्खासारखा तो पेन उचलला आणि पाकिटाच्या मागे अंजनगाव सुर्जी लिहिलं. स्वच्छ, सरळ, बारीक. मामा त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिले. "तुया हातात तर चालून राहिला," ते म्हणाले. तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. तो त्यांनी डाव्या हाताने मांडीवर दाबून धरला होता. मी म्हणालो, "मी दाबून धरला ना, म्हणून. डुप्लिकेटच आहे मामा. अकोल्याचा माल, तुम्हाला तर माहीतच आहे." माझ्या गावाला मी पहिल्यांदा नावं ठेवली, आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

स्वयंपाकघरात मामीने चहाचा कप अर्धाच भरला. "ह्याइले अर्धाच देतो, नाईतर सांडते," ती हळू आवाजात म्हणाली. "चार महिने झाले, बाबू. डॉक्टर म्हणते वयाचं हाये. कोणाले सांगू नको म्हणाले, म्हणून मी तोंड शिवून बसली. एका पेनानं हात थरथरला का दुसरा पेन आणतेत. पाचशे पत्रिका तशाच पडून हायेत, अन् लगन आलं जवळ." नातीच्या पत्रिका स्टिकर लावून गेल्या असत्या तर लग्न काही थांबणार नव्हतं, पण आमचे मामा संपले असते, हे मामीला आणि मला दोघांनाही कळत होतं.

मी चहा घेऊन बाहेर आलो आणि उगीच पेनांना शिव्या देत बसलो. मग म्हणालो, "मामा, आता चांगला पेन काही मिळत नाही. हाच चालवायचा तर दाबून लिहिणारा कोणी पाहिजे. नावं तर तुमच्याशिवाय कोणाला येतात? तुम्ही सांगा, मी दाबतो." मामांनी कप दोन्ही हातांनी धरून संपवला.

"चूलबंद आठवते का तुले?"

"पंचवीस वर्षं झाली, मामा."

"मले कालच झाल्यासारखं हाये." मग मामांनी पाकिटांच्या गठ्ठ्यांकडे एकदा बघितलं. शेवटी पाट माझ्याकडे सरकवला. "बस. मी म्हणीन तवाच चूलबंद. वेलबुट्टी काढली तर याद राख."

पुढचे तीन दिवस आम्ही अंगणात सीताफळाच्या झाडाखाली बसून पाचशे पाकिटं लिहिली, आणि एवढी मजा मला कुठल्या लग्नातही आलेली नाही. मामा डोळे मिटून एकेक तालुका घ्यायचे. "चल, अचलपूर. लिव, श्रीमान. औंदापासून श्रीमान, त्याची पोट्टी डॉक्टर झाली, मान वाढला." "मोर्शी. याले नुसतं श्री दे. मागच्या लग्नात यानं मठ्ठ्याले नावं ठेवली." शाळेतल्या एका जुन्या बौद्ध सहकारी मास्तरांचं नाव आलं तसे म्हणाले, "इथं श्री नको. आयुष्मान लिव. अन् पाकिटाले कुंकू लावू नको. ज्याच्या घरची जशी रीत, तसं पाकीट जावं." मामांच्या वरूडच्या एका विधवा मामेबहिणीपाशी मी थांबलो, नावाआधी काय लावायचं म्हणून. मामा म्हणाले, "काही लावू नको. आदरणीय विमलताई लिव. नाव हाये ना तिले." आणि लगेच, "चूलबंद." मध्येच ते वाकून माझं अक्षर बघायचे आणि रफार तिरपा गेला की डोक्यात टपली मारायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं की हे अक्षर माझं नाहीच, पाटीवर गिरवून घेतलेलं त्यांचंच आहे. बी. ए. झाल्यापासून मी ते उगीच माझं समजत होतो.

निघताना मामांनी ते खोकं माझ्या पिशवीत कोंबलं. "दुकानदाराले परत देजो. डुप्लिकेट माल ठेवते म्हणाव." पाचशे पाकिटांत आमच्या घरचं पाकीट नव्हतं, हे मला बसमध्ये बसल्यावर आठवलं. थोडं लागलं. मग म्हटलं, डिंक लावणाऱ्याला कोणी पत्रिका देतं का!

लग्न झोकात झालं. वरूडचे दोघे भाऊ एकाच गाडीतून आले, अर्थात बोलले नाहीत. बुंदी उरली. अचलपूरचे नवे श्रीमान मामांना म्हणाले, "सर, तुमचं अक्षर अजून जसंच्या तसं हाये!" मामांनी डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं, "पेन चांगला भेटला औंदा." मी मागे मठ्ठा वाढत होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

दुकानदाराला खोकं परत करण्याचा प्रश्नच नव्हता. ते कपाटावर पडून राहिलं. लग्नाला महिना झाला असेल, एका रविवारी सकाळी घरात एकही पेन सापडेना म्हणून मी ते उघडलं. पेनांच्या खाली दुमडून ठेवलेलं एक पाकीट होतं, आत ऋजूची पत्रिका. कोपऱ्याला हळदीकुंकू. वर माझं आणि बायकोचं नाव, माझ्या नावामागे आयुष्यात पहिल्यांदा श्रीमान. एकेक अक्षर दोनदोनदा गिरवलेलं, वेलांट्या भलतीकडे गेलेल्या, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेला. ते पाकीट लिहायला मामांना पाचशे पाकिटांएवढा वेळ लागला असेल. कोपऱ्यात चूलबंद, खाली रेघ. आणि त्याखाली बारीक अक्षरात: "पेन डुप्लिकेट आहे. अक्षर समजून घेणे."

मला रडू आलं, ते लपवायचं काही कारण नाही. मी स्वयंपाकघरात गेलो, गॅस बंद केला आणि बायकोच्या हातात ते पाकीट दिलं. तिने वाचलं आणि मळलेली कणीक झाकून ठेवली. आम्ही दोघं एसटीने अमरावतीला पोचलो तेव्हा जेवायची वेळ झाली होती. दार मामांनीच उघडलं. माझ्या हातातलं पाकीट बघितलं आणि आत वळून हाक मारली, "अवं, पोळ्या वाढव. चूलबंद आले." मी पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो थरथरत होता, आणि मी बराच वेळ वाकून राहिलो.